शेपूट राहून गेले : अब्बास इब्न फिरनास

संक्रांतीच्या दिवसांत गुलमंडीतल्या कोणत्याही गच्चीवर हे दृश्य दिसते. पोराने नवा पतंग आणलेला असतो. कन्नी नीट बांधलेली असते, वाराही चांगला असतो. पण पतंग वर गेला की गरगर फिरतो आणि डोके खाली करून गोता खातो. दोन-तीनदा असे झाले की घरातला कोणी थोरला माणूस पतंग हातात घेतो, जुन्या कापडाची एक लांब चिंधी फाडतो आणि पतंगाच्या खालच्या टोकाला बांधतो. शेपूट लागले की तोच पतंग शहाण्यासारखा वर चढतो आणि सुपारी हनुमान मंदिराच्या वरच्या आकाशात स्थिर उभा राहतो.

शेपटाशिवाय हवेत तोल राहत नाही, हे गुलमंडीतल्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. साडेअकराशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या विद्वानाच्या मात्र हे ध्यानात आले नाही. त्यांनी स्वतःला पंख बांधले, उंचावरून हवेत झेप घेतली, काही अंतर ते उडालेही. उतरताना मात्र त्यांच्या पाठीला जबर मार बसला. इतिहासकारांनी कारण लिहून ठेवले : पंख होते, शेपूट नव्हते. त्या विद्वानांचे नाव अब्बास इब्न फिरनास.

रमजानच्या महिन्यात इस्लामी इतिहासातल्या थोरांची आठवण काढली जाते, तेव्हा हे नाव हमखास पुढे येते. बहुतेक वेळा उड्डाणाचे वर्णन मोठ्या अभिमानाने होते आणि पाठीचा विषय घाईघाईने उरकला जातो. खरे तर या माणसाला समजून घ्यायचे तर दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

कुर्तुब्याचे दिवस

आजच्या स्पेन देशाच्या दक्षिणेला रोंडा नावाचे डोंगरी गाव आहे. खोल दरीच्या काठावर वसलेले हे गाव आज पर्यटकांनी गजबजलेले असते. इ. स. ८१० च्या सुमारास याच परिसरात अब्बास इब्न फिरनास यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांपैकी. तेव्हा या साऱ्या मुलखाला अंदलुस म्हणत. इ. स. ७११ मध्ये मुस्लिम फौजा उत्तर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून इथे आल्या होत्या. पुढे दमास्कसच्या उमय्या घराण्याची सत्ता गेली, घराण्याची कत्तल झाली, आणि त्यातून वाचलेला अब्दुर्रहमान नावाचा तरुण राजपुत्र पळत पळत इथपर्यंत पोहोचला. त्याने ७५६ मध्ये इथे स्वतंत्र राज्य उभे केले. राजधानी होती कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्डोबा. उर्दू वाचणाऱ्यांना हे नाव इक्बाल यांच्या कवितेमुळे ओळखीचे आहे.

कुर्तुबा नदीकाठचे शहर. अरबांनी त्या नदीला वादी अल-कबीर म्हटले, म्हणजे मोठी नदी. स्पॅनिश लोकांच्या तोंडी तीच ग्वादलकिवीर झाली. शहरात मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू राहत. त्यांचे संबंध नेहमीच गोडीगुलाबीचे होते असे नाही. इब्न फिरनास यांच्याच हयातीत, ८५० नंतरच्या दशकात, धर्मावरून तिथे मोठा ताण उसळला होता. पण बाजार, बागा, पाण्याचे पाट आणि पुस्तके यांवर कोणा एकाची मालकी नव्हती. बगदाद आणि बसऱ्याहून व्यापारी माल आणत, त्या मालात पुस्तकेही असत.

इब्न फिरनास कुर्तुब्याला आले आणि आयुष्यभर तिथलेच झाले. पहिले हकम, दुसरे अब्दुर्रहमान आणि पहिले मुहम्मद अशा तीन अमिरांची कारकीर्द त्यांनी दरबारात पाहिली. दुसऱ्या अब्दुर्रहमानांच्या काळात, ८२२ मध्ये, बगदादकडचा थोर गवई झिर्याब या दरबारात आला आणि शहराला गाण्याबजावण्याचे, खाण्यापिण्याचे, पोशाखाचे नवे वळण लागले. इब्न फिरनास स्वतः कवी होते, संगीत जाणत होते, वैद्यक आणि ज्योतिषही जाणत होते. इंजिनिअर नावाची पदवी तेव्हा नव्हती. आकाशातल्या ताऱ्यांचे गणित करायचे आणि त्याच हातांनी भट्टीत वाळू वितळवायची, हे त्या काळी एकाच माणसाला शोभत असे.

न कळणारे पुस्तक

त्यांच्या बुद्धीची एक हकीकत जुन्या ग्रंथांत आहे. पूर्वेकडून आलेल्या एका व्यापाऱ्याने बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांचे एक पुस्तक कुर्तुब्याला आणले. विषय होता अरूझ, म्हणजे छंदशास्त्र. मराठीत लघु-गुरूंच्या क्रमावरून वृत्त ओळखतात, तसे अरबी कवितेतल्या चल आणि अचल अक्षरांच्या क्रमावरून बहर ओळखण्याची ही रीत. खलील यांनी ती आठव्या शतकात बसवली होती. पण कुर्तुब्यात ती शिकवणारे कोणी नव्हते. पुस्तक उघडले की वर्तुळे, खुणा आणि तुकडे दिसत. अर्थ लागत नसे. राजवाड्यात ते चेष्टेचा विषय होऊन पडले होते.

इब्न फिरनास यांनी ते मागून घेतले आणि शिक्षक नसताना, केवळ स्वतःच्या विचाराने, त्या खुणांची संगती लावली. नंतर इतरांना समजावूनही सांगितली. आपल्या शहराशी या हकिकतीचे एक जुने नाते आहे. वली आणि सिराज औरंगाबादी यांनी ज्या बहरांत गझला लिहिल्या, त्या सगळ्यांचे व्याकरण याच अरूझमधून आले आहे. आज मराठी गझल लिहिणारेही मात्रा मोजतात तेव्हा खलील यांच्याच रस्त्याने चालत असतात. मूळ बसऱ्याची ही विद्या पूर्वेला दख्खनपर्यंत पोहोचली. पश्चिमेला अंदलुसमध्ये तिची गाठ सोडवणाऱ्यांत इब्न फिरनास अग्रभागी होते.

दगड, पाणी आणि आकाश

त्यांची पुढची कामे हातांची होती. स्फटिक हा फार कठीण दगड. तो अंदलुसच्या खाणींत मिळे, पण तो कापण्याची कला तिथे नव्हती. कच्चा दगड इजिप्तला पाठवावा लागे आणि कापून परत आणावा लागे. इब्न फिरनास यांनी स्फटिक कापण्याची रीत बसवली आणि ते काम कुर्तुब्यातच होऊ लागले. दगडांपासून काच बनवण्याची पद्धतही अंदलुसमध्ये त्यांच्याच नावावर सांगितली जाते. उड्डाणाच्या कहाणीपुढे ही कामे फिकी वाटतात. पण कारागिरांच्या गल्ल्यांत चूल पेटते ती अशा कामांवर.

त्यांनी कड्यांचा एक गोल बनवला. एकात एक बसवलेल्या धातूच्या कड्यांतून सूर्य, चंद्र आणि ग्रहांचे मार्ग त्यावर दाखवता येत. त्यानंतर अमीर मुहम्मद यांच्यासाठी त्यांनी पाण्याचे घड्याळ केले. घटिकापात्र आपल्याकडच्या जुन्या लग्नांत असे : तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. जगभरच्या पाण्याच्या घड्याळांचे तत्त्व हेच, की ठरावीक वेगाने वाहणारे पाणी वेळ मोजते. इब्न फिरनास यांच्या घड्याळाचा हेतू साधा होता. ढगाळ दिवशी सूर्य दिसत नाही, रात्री तारे दिसत नाहीत, तेव्हाही नमाजची वेळ चुकू नये. आज सहेरी आणि इफ्तारची वेळ मोबाइलवर मिनिटासकट कळते, मशिदीच्या भोंग्यावरून कळते. तेव्हा ढगाळ संध्याकाळी रोजा नेमका कधी सोडायचा हा प्रत्येक घराचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी या माणसाने पाण्याला कामाला लावले.

पाण्याला कामाला लावणे म्हणजे काय हे या शहराला सांगावे लागत नाही. मलिक अंबर यांनी सतराव्या शतकात नहर आणली. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की फिरू लागली. कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून येते, उंचीवरून पडते आणि जाते फिरवते. पाणचक्कीच्या हौदापाशी उभे राहिलेल्या मुलाला कुर्तुब्याच्या घड्याळाचे तत्त्व वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

इब्न फिरनास यांच्या घरातली एक खोली तर साऱ्या शहरात चर्चेची झाली. आत गेलेल्या माणसाला वर आकाश दिसे. त्यात तारे असत, ढग असत. मधूनच वीज चमके आणि गडगडाट होई. ही सगळी करामत खाली लपवलेल्या यंत्रांची होती. बघणारे थक्क होत. काही जण घाबरतही.

घाबरलेल्या माणसाला दोन रस्ते असतात : विचारायचे किंवा आरोप करायचे. काहींनी दुसरा धरला. हा माणूस जादूटोणा करतो, याची श्रद्धा शुद्ध नाही, अशी कुजबुज झाली आणि प्रकरण काझींपुढे गेले. आरोप टिकला नाही, इब्न फिरनास निर्दोष सुटले. दरबारातल्या मोमिन इब्न सईद या कवीने त्यांचा पिच्छा मात्र सोडला नाही. घरातल्या त्या आकाशावरही त्याने टवाळीच्या ओळी रचल्या. हा मोमिन पुढे फार उपयोगी पडणार आहे.

रुसाफ्याची झेप

कुर्तुब्याबाहेर रुसाफा नावाचा बागबगीच्यांचा परिसर होता. परागंदा होऊन आलेल्या पहिल्या अब्दुर्रहमानांनी तो वसवला होता. आजोबांच्या सीरियातल्या रुसाफ्याची आठवण म्हणून त्यांनी तेच नाव ठेवले आणि तिथे खजुराचे झाड लावले. याच परिसरात, इ. स. ८७५ च्या सुमारास, इब्न फिरनास यांनी उडून पाहिले असे मानले जाते. तेव्हा त्यांचे वय पासष्टच्या आसपास होते. ज्या वयात माणूस जिना उतरताना कठडा धरतो, त्या वयात त्यांनी उंचावरून हवेत पाऊल टाकले.

वर्णन थोडक्यात असे. त्यांनी अंगभर पिसे लावली, दोन पंख बांधले आणि उंच जागेवरून झेप घेतली. ते पक्ष्याप्रमाणे बरेच अंतर उडाले. मात्र जिथून निघाले तिथेच परत उतरताना त्यांची पाठ जबर दुखावली. पक्षी शेपटाच्या आधाराने उतरतो हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी शेपूट लावले नव्हते, असे कारण पुढे दिले आहे.

या कारणात किती तथ्य आहे ते पाहायला गुलमंडीतली कुठलीही भिंत पुरते. कबुतर दुरून येते तेव्हा अंग आडवे असते आणि शेपूट मिटलेले. भिंत जवळ आली की ते छाती वर उचलते, पंख जवळजवळ उभे करते आणि शेपूट पंख्यासारखे पसरून खाली वळवते. हवा अडते, वेग मरतो, आणि पाय अलगद भिंतीवर टेकतात. त्या नेमक्या क्षणी शेपूट दोन कामे करते : वेगाला लगाम घालते आणि वर उचललेल्या अंगाचा तोल सांभाळते. शेपूट नसेल तर वेग मरण्याआधीच जमीन येते, किंवा वेग मारायच्या प्रयत्नात तोल जातो आणि पाठ आधी आपटते.

पतंगाच्या शेपटाचे काम थोडे निराळे आहे. ती चिंधी वाऱ्यात मागे ओढली जाते आणि पतंगाचे तोंड वाऱ्याकडे ठेवते. पण दोघांचा धडा एकच : हवेत चढायला पंख पुरतात, टिकायला आणि उतरायला तोल लागतो. चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानात खिडकीशी बसले तर दिसते की जमीन जवळ येताच पंखांच्या मागच्या कडा खाली सरकतात. शेपटावरच्या झडपाही त्या वेळी सतत हलत असतात, त्या मात्र प्रवाशाला दिसत नाहीत. प्रवाशाला जाणवतो तो फक्त चाकांचा हलका धक्का.

रमजानमध्ये अनेक घरांत रात्री सूरह मुल्क पढली जाते. तिच्यात डोक्यावरून पंख पसरून आणि मिटून जाणाऱ्या पक्ष्यांकडे माणसाचे लक्ष वेधले आहे. इब्न फिरनास यांनी पक्ष्यांकडे नक्कीच पाहिले होते. पण त्यांची नजर पंखांवर खिळली. पक्षी उडतो कसा हे त्यांनी पाहिले, बसतो कसा हे पाहायचे राहून गेले.

टवाळखोराची साक्ष

ही हकीकत आपल्यापर्यंत आली कशी, हे विचारायलाच हवे. तिचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन अल-मक्करी या इतिहासकारांचे आहे. ते आजच्या अल्जीरियातल्या तिलिमसानचे; त्यांचे निधन १६३२ मध्ये झाले. म्हणजे घटना आणि हे वर्णन यांच्यात साडेसातशे वर्षांचे अंतर आहे. अल-मक्करींपुढे जुने ग्रंथ होते, आणि अकराव्या शतकातले कुर्तुब्याचे इतिहासकार इब्न हय्यान यांच्या लिखाणातही ही हकीकत सापडते. तरी शंका घ्यायला जागा राहते.

इथे मोमिन इब्न सईद कामाला येतो. तो इब्न फिरनास यांचा समकालीन. त्याने त्यांच्या उडण्यावरही उपहासाच्या ओळी लिहिल्या, गिधाडाच्या पिसांचा उल्लेख करून त्यांची थट्टा उडवली. स्तुती करणारा कवी कधी कधी नसलेले पदरचे घालतो. पण ज्याला एखाद्याची फजिती करायची आहे, तो न घडलेल्या पराक्रमाचे श्रेय त्याला कशाला देईल? इब्न फिरनास यांनी पिसे लावून उडण्याचा प्रयत्न केला, याचा सर्वांत जवळचा पुरावा त्यांच्या निंदकानेच आपल्या हाती दिला आहे.

या कहाणीला नंतर बरीच पिसे चिकटली. ते इतकी मिनिटे हवेत होते, इतके अंतर कापले, असे नेमके आकडे मोबाइलवर फिरतात. त्यांना जुन्या ग्रंथांचा आधार नाही. ८५२ साली अर्मेन फिरमान नावाच्या दुसऱ्याच कोणी आधी उडी मारली होती अशीही गोष्ट आहे. हे नाव बहुधा इब्न फिरनास याच नावाचा युरोपीय लेखणीतून झालेला अपभ्रंश असावा. आणि जगातला पहिला उडालेला माणूस असा किताब त्यांना सरसकट देण्याआधी हेही लक्षात घ्यावे की चीनमध्ये सहाव्या शतकातच माणसाला मोठ्या पतंगाला बांधून उंचावरून सोडल्याची नोंद आहे.

आमचा माणूस पहिला, हे म्हणण्याची हौस सगळ्यांनाच असते. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची हकीकत मराठी घरांत अशाच अभिमानाने सांगितली जाते. कसोटी दोघांना एकच लावायला हवी : त्या काळचे कोणी काय लिहून ठेवले, आणि नंतरच्यांनी किती जोडले. आपल्या माणसाला सूट आणि दुसऱ्याच्या माणसाला उलटतपासणी, असा न्याय चालत नाही. इब्न फिरनास या कसोटीतून पूर्ण कोरडे बाहेर येत नाहीत. पण प्रयत्न, उड्डाण आणि दुखावलेली पाठ एवढे तरी शिल्लक राहते, आणि तेवढे पुष्कळ आहे.

त्याच चुका, पुन्हा पुन्हा

त्यांच्यानंतरही माणसे उड्या मारत राहिली. इ. स. १००० च्या सुमारास इराणमधल्या निशापूर इथे अल-जौहरी नावाचे गृहस्थ लाकडी पंख बांधून मशिदीच्या छतावर चढले. अरबी भाषेच्या थोर शब्दकोशाचे हे कर्ते. त्यांनी उडी घेतली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. साधारण त्याच काळात इंग्लंडमधल्या मामझबरी इथल्या मठातल्या आयल्मर या ख्रिस्ती साधूने हातापायांना पंख बांधून मनोऱ्यावरून झेप घेतली. तो सुमारे दोनशे मीटर गेला, पडला, दोन्ही पाय मोडले आणि जन्मभर लंगडत राहिला. नंतर त्याने स्वतःच कारण सांगितले : मागे शेपूट लावायला विसरलो.

कुर्तुब्याची चूक इंग्लंडमध्ये जशीच्या तशी पुन्हा घडली. कुर्तुब्यातला धडा तिथवर पोहोचलाच नव्हता. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, मध्ये समुद्र. चूक एक आणि दुखणेही जवळपास एक. मागच्याच्या पडण्याची खबर पुढच्याला नसेल तर प्रत्येकाला आपली पाठ आणि आपले पाय पहिल्यापासून मोडून घ्यावे लागतात.

ही साखळी जुळली ती थेट एकोणिसाव्या शतकात. जर्मनीचे इंजिनिअर ओटो लिलिएन्थाल यांनी लहानपणापासून करकोचे न्याहाळले, पंखांवर हवेचा किती जोर येतो ते मोजले आणि १८८९ मध्ये सारे पुस्तकात मांडले. १८९१ पासून त्यांनी स्वतः बनवलेल्या पंखांनी, शेपटासकट, टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा झेप घेतली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ते पडले, पाठीचा कणा मोडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पण त्यांची मोजमापे, छायाचित्रे आणि चुका कागदावर होत्या. अमेरिकेतल्या राइट बंधूंनी ती वाचली, तपासली, जिथे पटली नाहीत तिथे नव्याने मोजली आणि तोल सांभाळण्याच्या प्रश्नाला सर्वांत आधी हात घातला. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान उडाले. त्या दिवसाची सर्वांत मोठी भरारी ५९ सेकंदांची होती.

शेवटची बारा वर्षे

रुसाफ्याच्या घटनेनंतर इब्न फिरनास आणखी बारा वर्षांच्या आसपास जगले. पुन्हा उडण्याचा प्रयत्न केल्याची नोंद नाही. हिजरी सन २७४ मध्ये, म्हणजे इ. स. ८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. कुर्तुब्यात स्फटिक कापला जात राहिला, काच बनत राहिली. त्यांच्या पाठीची गोष्टही लोक सांगत राहिले. आधी हसण्यासाठी, मग नवल म्हणून, आणि पुढे अभिमानाने.

आज कोर्डोब्यात त्याच मोठ्या नदीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. तो २०११ मध्ये खुला झाला. ज्या देशात पुढे अरबी बोलणेही गुन्हा ठरले होते, त्या देशाने साडेअकराशे वर्षांनी आपला माणूस म्हणून त्यांचे नाव लावले. १९७६ मध्ये चंद्रावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव मिळाले.

आणखी काही दिवसांनी चाँदरात येईल. गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसेल. कपड्यांच्या दुकानांत सगळ्याच घरांतली माणसे मापे आणि रंग बघत असतील, आणि मधूनच कोणी तरी मान वर करून पश्चिमेला ईदची कोर शोधेल. त्या कोरीत इब्न फिरनास यांचे विवर दिसणार नाही. ते चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहे, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या. चंद्राची ती पाठ माणसाने पाहिली, कारण यंत्रे तिथवर गेली; आणि यंत्रे गेली, कारण कुणाकुणाच्या पडण्याचे हिशेब कुणी तरी न लाजता लिहून ठेवले होते.

पुढच्या संक्रांतीला गच्चीवर एखाद्या पोराचा पतंग गोते खाईल, तेव्हा चिंधी बांधता बांधता ही गोष्ट त्याला सांगण्याजोगी आहे. उड्डाण सांगावे, पाठही सांगावी. दोन्ही सांगितले, तरच ती अब्बास इब्न फिरनास यांची गोष्ट होईल.